उत्तर कोणीं द्यावयाचें ?

आमच्या ख्रिस्ती समाजांत एक वाक्य फार ऐकूं येतें. उपासनामंदिराच्या आवारांतील नळ रात्रंदिवस गळत असो, शेजारच्या विधवेच्या घरीं दोन दिवस चूल पेटलेली नसो, अगर शब्बाथशाळेंत शिकविण्यास कोणी मिळत नसो, आपण विषय काढावा, आणि ऐकणारानें मान हलवून म्हणावें, "खरें आहे, मंडळीनें याकडे पाहिलें पाहिजे." असें म्हटलें म्हणजे बोलणाराचें समाधान होतें, ऐकणाराचेंही होतें, आणि दोघेही त्या गळत्या नळावरूनच आपापल्या घरीं जातात. मंडळी म्हणजे कोण, हें कोणी विचारीत नाहीं. आम्हीं एकदां तें विचारून पाहिलें. पाळकांनीं पंचांकडे बोट दाखविलें, पंचांनीं वर्गणी न देणाऱ्यांकडे, आणि वर्गणी न देणाऱ्यांनीं, अर्थात्, पाळकांकडे.

या संवयीला इतिहास आहे, व तो सांगतांना कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, आणि १८३१ सालीं अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, त्यांचें ठाणें झालें. पुढें त्यांनीं व इतर मिशनांनीं शाळा काढल्या, दवाखाने काढले, अनाथालयें काढलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत ज्यांचें मागें कोणी उरलें नव्हतें अशा मुलांस पोटाशीं धरिलें. आमच्यांतील कित्येक घराण्यांची पहिली अक्षरओळख त्या पडवींत झाली आहे. हें ऋण आहे, व तें आम्ही विसरत नाहीं. परंतु ज्याला पिढ्यानपिढ्या कोणीतरी सांभाळीत आला, त्याच्या जिभेस "हें माझें काम" असें म्हणण्याचें वळण लागत नाहीं, हेंही खरें. देश स्वतंत्र झाल्यावर संस्था हळूहळू येथील विश्वस्तांच्या हातीं आल्या. साहेब गेले, मडमा गेल्या. मग "मिशन पाहील" याच्या जागीं "मंडळी पाहील" असें म्हणूं लागलों. वाक्यांतला कर्ता बदलला, क्रियापद तेंच राहिलें. "मी" मात्र त्या वाक्यांत तेव्हांही नव्हता, आतांही नाहीं.

या दृष्टीनें नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचा वृत्तान्त पुन्हा वाचण्याजोगा आहे. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें टिळकांच्या हातीं नवा करार दिला. टिळकांनीं तो वाचला, मनाशीं पुष्कळ झगडा केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या बातमीनें घरांत काय झालें असेल तें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यांस सांगावयास नको. नवऱ्याचा जो धर्म तोच बायकोचा, ही त्या काळची सरळ समजूत. परंतु लक्ष्मीबाईंनीं ती वाट धरिली नाहीं, आणि टिळकांनींही ती त्यांच्यावर लादली नाहीं. कांहीं वर्षें त्या दूर राहिल्या. पुढें पतीकडे आल्या, तरी आपलें सोंवळें आपण संभाळीत. मग जातिभेद हा देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, असें त्यांच्या स्वतःच्या मनास पटलें. सोंवळें सुटलें तें त्या पटण्यानें सुटलें, कोणाच्या आज्ञेनें नव्हे. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० सालीं, पतीच्या मागून पांच वर्षांनीं.

हीं मधलीं पांच वर्षें आमच्या उपदेशांत घाईघाईनें ओलांडलीं जातात. जणूं लक्ष्मीबाईंस उशीर झाला, आणि अखेरीस त्या आल्या ही आनंदाची गोष्ट ! आमचें मत याच्या उलट आहे. पहिल्याच महिन्यांत, डोळे पुसत, पतीच्या मागोमाग त्या पाण्यांत उतरल्या असत्या, तर मंडळीच्या वहींत एक नांव अधिक पडलें असतें, इतकेंच. ज्या बाईनें पुढें पतीच्या पश्चात् त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' हातीं घेतलें, आणि शाळेचें शिक्षण नसतां मराठींतलें एक अपूर्व आत्मचरित्र लिहिलें, ती बाई त्या पांच वर्षांत घडली. त्यांनीं आपला विश्वास आपल्या हातांनीं निवडून, पाखडून घेतला. म्हणून तो त्यांचा झाला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या प्रवेश-अर्जावर धर्माच्या रकान्यांत 'ख्रिस्ती' असें लिहिलें आहे, त्यांच्या बाबतींत तें अक्षर बापाचें आहे. लिहिलें तेव्हां मूल पांचसहा वर्षांचें होतें. बापानें तें लिहिलें यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तो रकाना केव्हांतरी मुलानें स्वतःच्या हातानें पुन्हा भरावयाचा असतो, आणि त्यासाठीं शाळेंत कोणताही अर्ज मिळत नाहीं. (आमच्या शाळेंत हिंदु, मुसलमान, बौद्ध मुलेंमुलीही शिकतात. त्यांच्या रकान्याचीही हीच गोष्ट आहे, असें आम्हांस वाटतें. पण तें सांगण्याचा अधिकार त्यांच्या वडील मंडळींचा.)

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकांत अठरावा अध्याय आहे. पाडाव होऊन बाबेलांत राहिलेल्या लोकांत तेव्हां एक म्हण रूढ झाली होती: आंबट द्राक्षें खाल्लीं बापांनीं आणि दांत आंबले मुलांचे. आमच्या दुर्दशेस आमचे पूर्वज कारण, आम्ही काय करणार, असा तिचा भाव. संदेष्ट्यानें ती म्हणच बंद करावयास सांगितलें. बापाचें पाप मुलावर नाहीं, हा त्याच्या सांगण्याचा एक भाग. तो सर्वांस आवडतो. दुसरा भाग असा कीं, बाप नीतिमान् असला तरी त्याची नीतिमत्ता वाईट चालीच्या मुलाच्या खातीं जमा होत नाहीं. हा भाग आमच्या जुन्या घराण्यांत फारसा वाचला जात नसावा. आजोबा पाळक होते, आजी बायबलबाई होती, वडील चाळीस वर्षें पंच होते, असें सांगून आम्ही जेव्हां छाती पुढें काढतों, तेव्हां आपण दुसऱ्याच्या नांवची ठेव मोजीत बसलों आहों, हें ध्यानांत येत नाहीं.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त प्रत्येक मुलास पाठ आहे. इतका पाठ आहे कीं, तो कोणी ऐकत नाहीं. त्यांतील दोन गोष्टींकडे आम्ही लक्ष वेधूं इच्छितों. याजक यरुशलेमाकडून यरीहोकडे खालीं उतरत होता, असें लूकानें लिहिलें आहे. म्हणजे मंदिराकडे तो जात नव्हता, मंदिराकडून येत होता. जखमी माणसास शिवल्यानें मंदिरांतील सेवेस अडथळा येईल, अशी सबब त्याला त्या दिवशीं नव्हती. उपासना आटोपली होती. घरीं जावयाचें होतें. आम्हांस तर हा याजक रविवारीं साडेदहा वाजतां मंदिराच्या दारांतून बाहेर पडणाऱ्या कोणाही माणसासारखा दिसतो. दुसरी गोष्ट शोमरोन्याची. त्यानें तेल व द्राक्षारस ओतला तो स्वतःजवळचा. जनावर दिलें तें आपलें, आणि तितकी वाट आपण पायीं चालला. उतारशाळेंत रात्रभर शुश्रूषा केली ती स्वतः. दुसऱ्या दिवशीं त्याला जाणें प्राप्त होतें, तेव्हां दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च लागला तर परत येईन तेव्हां मी भरीन, असें उतारशाळेच्या रक्षकास बजावलें. या शेवटच्या वाक्यावर उपदेश क्वचितच होतो. दया आली म्हणून एकदां हात पुढें करणें सोपें आहे. त्यानें पुढचा हिशेब आपल्या नांवावर उघडा ठेविला. उतारशाळाही त्यानें वापरली, हें विसरूं नये. संस्था नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. पण माणूस संस्थेच्या दारीं टाकून तो निघून गेला नाहीं.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याच जातीचें. तरुणपणीं त्यांनीं आईबाप आणि बहीण दुष्काळांत व हालअपेष्टांत गमावलीं होतीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून वार्ता आल्या, तेव्हां त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुलींस घेऊन आल्या. त्यांतूनच केडगांवचें 'मुक्ति' वाढलें. बाप्तिस्मा घेऊन (१८८३) इंग्लंडांत असतांनाही, आपल्या विवेकबुद्धीस न पटलेलें मत केवळ धर्माधिकारी सांगतात म्हणून मान्य करण्याचें त्यांनीं नाकारलें होतें. हीं दोन्हीं कृत्यें एकाच स्वभावाचीं आहेत, असें आम्हांस दिसतें. जो आपला विश्वास दुसऱ्याकडून उसना घेत नाहीं, तो आपलें काम दुसऱ्यावर सोपवीतही नाहीं.

मागें एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें: तारण जर कृपेनें होतें, तर जबाबदारीची एवढी कटकट कशाला ? प्रश्न चांगला होता. आम्हीं त्यास जक्कयाची गोष्ट वाचावयास सांगितली. प्रभु येशु त्याच्या घरीं गेला तो आधीं. अट कोणतीही घातली नव्हती. जक्कय जकातदारांचा मुख्य होता. कर रोमचा, दर वरून ठरलेला, खालचे लोक उकळतात त्याला मी काय करूं, असें म्हणावयास त्याला उत्तम जागा होती. पण कृपा घरांत येऊन बसतांच तो उभा राहिला, आणि अर्धी मालमत्ता गरिबांस व ज्याचें लुबाडलें असेल त्याला चौपट, असें स्वतःच बोलून गेला. कृपेनें त्याची हिशेबाची वही बंद केली नाहीं, उघडली.

आतां पालकांस थोडें. मुलांस रविवारीं दानाच्या थाळींत टाकण्यासाठीं आपण नाणें देतां, तें दान आपलें; मुलाचा तेथें केवळ हात असतो. मिझोरामांतील ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ तांदूळ मंडळीसाठीं बाजूला काढण्याची रीत आहे. ती १९१० सालीं सुरू झाली. ती मूठ घरच्या भातांतली असते, व तितका भात ताटांत कमी होतो. आपल्या मुलाच्या ताटांतून काय कमी होतें, हें एकदां पाहावें. दुसरें असें: मुलाची वही हरवली, गृहपाठ राहिला, कोणाशीं भांडण झालें, कीं वडील अगर आई त्याच्या आधीं शिक्षकांकडे पोंचतात, व खुलासा स्वतः करितात. मूल मागें उभें राहून भिंतीकडे पाहतें. त्याचे चार गुण वांचतात खरे. पण "हें मीं केलें" असें म्हणण्याची एक संधि जाते, आणि ती लहान वयांत आली नाहीं तर मोठ्या वयांत फार महाग पडते. किती महाग पडते तें आम्ही जाणतों.

या मासिकांत लेखकानें स्वतःस "आम्ही" म्हणण्याची रीत आहे. पुढील हकीकत सांगतांना ती रीत आम्हांस सोयीची वाटते, हें आधींच कबूल करतों. त्या "आम्ही"मध्यें दुसरें कोणीही नाहीं.

आम्ही दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या एका शाळेंत नववींत होतों. तेथें एक मुलगा आमच्या वर्गांत शिकत असे. त्याला फी माफ होती, आणि त्याबद्दल तो शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा झाडीत असे. म्हणून किल्ली त्याच्याजवळ असावयाची. एके दिवशीं मधल्या सुटींत, सरांनीं मागितली आहे असें खोटें सांगून, आम्हीं ती त्याच्याकडून घेतली. कांदा सोलून त्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा, एवढीच हौस होती. यंत्र टेबलाच्या कडेला होतें. तें पडलें. शाळेंत तसें एकच होतें.

किल्ली आम्हीं परत नेऊन दिली, व कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याला बोलावणें आलें. किल्ली कोणास दिली होतीस, असें त्याला तीनतीनदां विचारलें. तो "कोणास नाहीं" म्हणाला. त्याची फी-माफी गेली, आणि आठवड्यानें तोही गेला. त्या आठवड्यांत आम्हीं कितीदां तरी ठरविलें कीं, उद्यां सांगूं. वडील मंडळीचे पंच होते. त्यांची मान खालीं जाईल, ही एक सबब. मुख्याध्यापक शहाणे आहेत, खरें काय तें शोधून काढतीलच, ही दुसरी. देव सर्व जाणतो, ही तिसरी. आणि सर्वांत वाईट तीच. शनिवारीं सकाळच्या प्रार्थनेंत सर्व वर्गानें एका सुरांत क्षमा मागितली. त्या सुरांत आमचा आवाज चांगला होता, असें गायनाच्या बाईंनीं सांगितलें.

यानंतर एकतीस वर्षें गेलीं. आम्ही शिक्षक झालों. नकला करणाऱ्या मुलांस सत्यावर व्याख्यानें दिलीं. गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें, कोणीं विचारलें नसतां, ग्रंथालयांतील फाटलेलें पुस्तक आमच्या टेबलावर आणून ठेविलें, आणि "सर, हें माझ्या हातून झालं" असें म्हटलें. बस्स, इतकेंच. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि मे महिन्याच्या सुटींत आम्ही त्या गांवीं गेलों.

त्यांची आतां पिठाची गिरणी आहे. पिठानें भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, तरी आम्हीं ओळखलें. शाळेंत आम्हांस "तूं" म्हणणारे ते आतां "तुम्ही" म्हणाले, आणि स्टूल पुसून पुढें केलें. गिरणी चालू असल्यामुळें आम्हांस सर्व हकीकत मोठ्यानें ओरडून सांगावी लागली; बाहेर रांगेंत बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांनीं ऐकून घेतलें, हातांतलें दळण पुरें केलें, आणि मग पट्टा थांबविला.

"किल्ली तुम्हीच नेली होती, मला काय ठाऊक नव्हतं?" ते म्हणाले.

"मग सांगितलं कां नाहीं ?"

"तुमचे वडील माझ्या आईला मिशनच्या दवाखान्यांत कामाला लावणार होते. तिनं घरीं आल्यावर माझे पाय धरले. म्हणाली, त्यांच्या मुलाचं नांव घेऊं नको."

हें आम्हांस एकतीस वर्षांत सुचलेंसुद्धां नव्हतें. त्याचें मौन म्हणजे मैत्री, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली होती. आम्हीं क्षमा मागितली. त्यांनीं ती दिली कीं नाहीं, तें आम्हांस नीट कळलें नाहीं. वडिलांस कधीं सांगितलें होतें काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं नाहीं म्हटलें. ते वारल्यास नऊ वर्षें झालीं होतीं.

मग त्यांनीं आंतून एक पत्र्याची पेटी आणिली, व तींतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. घडीवर घडी पडून तो चार ठिकाणीं फाटला होता. वर्तणुकीच्या रकान्यांत "असमाधानकारक" असा शेरा होता. त्या शेऱ्यामुळें जवळच्या शाळेनें त्यांस घेतलें नाहीं, आणि शिक्षण तेथेंच थांबलें.

"पैसे वगैरे नकोत," ते म्हणाले. "हें एवढं बदलून मिळालं तर पाहा. नात विचारते."

आम्हीं जून महिन्यांत त्या शाळेकडे अर्ज केला. घडलेली सर्व हकीकत तारीखवार लिहिली, सूक्ष्मदर्शकाची आजची किंमत चौकशी करून भरली, आणि खालीं पूर्ण नांवानें सही केली. तेथील कारकुनानें अर्ज वाचून सांगितलें कीं, इतक्या जुन्या नोंदी बदलण्याचा प्रघात नाहीं, विश्वस्तांनीं याकडे पाहिलें पाहिजे. विश्वस्तांची सभा एकदां होऊन गेली. विषय निघाला नाहीं. पुढील सभा जानेवारींत आहे. त्या दिवशींची रजा आम्हीं मागून ठेविली आहे.